खळ वाळेपर्यंत

पहाटे गंगावेशीत म्हशी उभ्या असतात कट्ट्यापाशी.
मी किटली पुढं करते.
धार काढणारा पोरगा माझ्याकडं न बघताच
मापावर थोडं जास्त ओततो.
मी काही बोलत नाही.
आमच्या गावात आभार मानले तर माणूस दचकतो,
म्हणतो, "काय चुकलं का काकू?"

म्हणून दस्तगीरचाचांचं राहूनच गेलं.

शाहूपुरीत त्यांचं बायंडिंगचं दुकान होतं.
दुकान कसलं, जिन्याखालची जागा.
एक शिकंजा, दोन दाभणं, बक्रमचे तागे,
स्टोव्हवर रटरटणारी मैद्याची खळ
आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद.
"ह्ये इख हाय, किड्यांसाठनं.
बोट चाटून पान उलटायचं न्हाई."
अजूनही मी कोरड्या बोटानंच पान उलटते.

आई सीपीआरमध्ये आया, बाबा गूळबाजारात तोलायला,
घराची किल्ली यायची सहा वाजता.
तोवर मी जिन्याखाली.

पुस्तक तिथं कधी पुस्तक नसायचंच.
सोळा सोळा पानांचे फर्मे असायचे,
शिवण उसवलेले, उलटेसुलटे.
हाताला येईल तो मी उचलायची.
आधी नायिका विधवा व्हायची,
मग तिचं लग्न ठरायचं,
मग ती परकर सावरत चिंचा वेचायची.
एका जहाजावरचे सगळे सोमवारी बुडाले
आणि मंगळवारी धक्क्यावर उभे राहून रुमाल हलवत होते.
मला त्यात काही वावगं वाटलं नाही.
बाबा गेले त्याला एकवीस वर्षं झाली,
काल दुपारी ते मला सायकल शिकवत होते.

"खळ वाळंपतूर तुजं," चाचा म्हणायचे,
"वाळली की गिऱ्हाइकाचं."
मे महिन्यात त्यामुळं भराभर वाचावं लागायचं.
श्रावणात खळ दोन-दोन दिवस ओली राहायची,
जाडजूड कादंबऱ्या मी तेव्हा संपवल्या.

चाचांना आकडे यायचे, अक्षरं नाहीत.
पानं लावायचे नंबर बघून,
आणि पुठ्ठा चढवायच्या आधी मला विचारायचे,
"शेवट गोड हाय न्हवं?"
गोड असला तर लाल बक्रम.
नसला तर काळं.
वाचनालयाचा शिपाई कुरकुरायचा,
सगळी लाल का नाहीत म्हणून.
"लाल संपलं," चाचा सांगायचे.
मागं तागा दिसत असायचा.

एका पावसाळ्यात त्यांची शमीम सीपीआरला होती.
आई रात्री येऊन बाबांशी हळू बोलायची.
चाचा दुकान उघडायचे, स्टोव्ह पेटवायला विसरायचे.
त्या आठवड्यात जे पुस्तक आलं होतं,
त्यातली मुलगी शेवटच्या फर्म्यात जात होती.
त्यांनी विचारलं.
मी म्हणाले, "गोड आहे."
नऊ वर्षांची होते, मान वर केली नाही.

शमीम घरी आली. आता इचलकरंजीला असते,
नातवंडं आहेत, गुडघे दुखतात म्हणते.
त्या लाल पुस्तकाचा आणि याचा काही संबंध नाही,
मला कळतं.

चाचा गेले. जिन्याखाली आता मोबाईलची कव्हरं मिळतात.
पुराच्या साली वाचनालयाचे खालचे दोन खण गेले.
वरच्या खणात परवा हात घातला,
तर लाल.
कणा ताठ, एका पानालाही भोक नाही.
आतल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के,
त्रेचाळीस माणसं घेऊन गेली असणार हे,
लाल रंगावर विश्वास ठेवून.
कुणी तक्रार केल्याचं दिसत नाही.

घरी आणलंय. शेवटचा फर्मा सोडून वाचून झालं.
सोळाच पानं.
उशाशी ठेवते, चष्मा वर ठेवते,
पुन्हा मधूनच कुठूनतरी सुरू करते.

गॅसवर दूध ठेवलं होतं.
वास आला तेव्हा ऊतू जाऊन बर्नरखाली गेलं होतं,
म्हणजे ते जास्तीचं ओतलेलं, तेवढंच.
उद्या पोराला सांगेन.
सांगेन म्हणजे,
चहा घेतलास का, विचारेन.